वरचा मजला

तानसेन होता आलं नाही तर माणसानं निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात. या गृहस्थांनी ते फारच मनावर घेतलं होतं. मित्रांनी पस्तिशीत चेष्टेनं ठेवलेलं 'कानसेन' हे नाव साठी उलटेपर्यंत त्यांना असं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून 'कानसेन आहेत का घरी?' असं विचारायचा.

नोकरी वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, काटा बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता बाहेर पडायचं. एकतीस वर्षं हेच केलं. दोनशे ग्रॅमचं वजन पाच ग्रॅमनं हलकं असलं तर त्यांच्या तळहाताला आधी कळायचं, काट्याला मागून. हा काटेकोरपणा नोकरीतून घरी आला, जिना चढून वरच्या खोलीत गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

घर अरुंद, दोन मजली. खाली स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि रस्त्याच्या बाजूला बायकोचं शिलाईचं काम. लोकांच्या पँटी आखूड करणं, कोटाची अस्तरं बदलणं, पडदे शिवणं. वर एकच खोली, चौदा फूट बाय अकरा. ती ऐकायची खोली.

खाली दोन जाड गालिचे एकावर एक. तिन्ही भिंतींना पुस्तकांची कपाटं, पण पुस्तकं वाचायला म्हणून कुणी आणलेली नव्हती. आवाज भिंतीवर आपटून उलटा येऊ नये म्हणून ती तिथे होती, आणि जाडजूड कायद्याची पुस्तकं त्या कामाला उत्तम असं कानसेनांचं मत होतं. समोर दोन स्पीकर, माणसाच्या खांद्याला लागतील एवढे उंच. त्यांची पेटी घडायला नऊ वर्षं आणि तीन सुतार लागले होते. मधे काचेच्या दिव्यांचा ॲम्प्लिफायर. तो चालू केला की चाळीस मिनिटं तापायचा, आणि तोवर सुई रेकॉर्डला लावायची नाही असा नियम होता. दोन्ही स्पीकरचा आवाज जिथे नेमका एकत्र मिळतो, तिथे खुर्ची. एकच. बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसायचं आणि आपली पाळी आली की पुढे यायचं.

शनिवारी दुपारी तीन ते पाच मंडळी जमायची. दातांचे डॉक्टर, पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर, फेरीबोटीवरून निवृत्त झालेला कॅप्टन आणि कधीमधी त्यांच्या ओळखीचं आणखी कुणीतरी. त्या वेळी खोलीत ऊन वळसा घालून यायचं, आधी गालिच्यावर, मग हळूच कपाटाच्या खालच्या फळीवर. कुणी बोलायचं नाही. कानसेन रेकॉर्ड दोन तळहातांत आरशासारखी धरून ठेवायचे, सुई उतरवायचे आणि मागे सरकायचे. मग एका क्षणाला ते व्हायचं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता. स्पीकर नाहीसे व्हायचे. भिंत मागे मागे जायची. आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे, दोन हातांच्या अंतरावर, एक बाई गायला उभी राहायची. तिच्या बाहीची सळसळ ऐकू यायची. सूर लावायच्या आधी ती ओठ विलग करायची, त्याचासुद्धा एवढासा आवाज. ती बाई कधीच वारली होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याही लक्षात नसायचं.

असं वीस-बावीस वर्षं चाललं.

मग पाझर आटावा तसं मंडळ आटत गेलं. आधी प्रोफेसर. 'गुडघे बोलतात हो, जिना नको म्हणतात.' पुढच्याच आठवड्यात ते बाजारात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तुरुतुरु चालताना दिसले. मग कॅप्टन. त्याला म्हणे शनिवारी नातवंडं सांभाळावी लागायची. नातवंडं परदेशात होती. कानसेनांना हे खोटं कळत होतं, पण त्यांचा राग मित्रांवर नव्हता. त्यांनी आरोपी ठरवून टाकला होता: जमाना.

"अगं, कुणाला आता बसून ऐकायचंय?" जेवताना ते बायकोला सांगायचे. "कानात इयरफोनची बोंडं खुपसायची आणि धावायचं. आपलं ते मोठं दुकान होतं ना, ऐकायच्या तीन खोल्या असलेलं? तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. या छंदाचं मासिक होतं, तेही बंद पडलं. माझ्यानंतर ही खोली म्हणजे अडगळ."

"वाढू का अजून?" बायको म्हणायची.

आणि याच काळात आणखी एक गोष्ट होत होती, जी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. ती गाणारी बाई दर वर्षी एक पाऊल मागे सरकत होती. आधी दोन हातांवर होती ती चार हातांवर गेली. मग तिच्यापुढे कुणीतरी पातळ पडदा टांगल्यासारखं झालं. बाहीची सळसळ गेली, ओठांचा आवाज गेला. कानसेनांनी तराजू तपासावा तसा एकेक भाग तपासला. सुई बदलली, तारा बदलल्या, ॲम्प्लिफायरचे दिवे बदलले. शेवटी स्पीकरच्या पाठीमागची पितळी खुंटी फिरवली. तिनं वरच्या पट्टीतले बारीक, तीक्ष्ण आवाज वाढत. थोडी फिरवली की पडदा सरायचा, बाई पुढे यायची. काही महिन्यांनी पुन्हा मागे. पुन्हा थोडी खुंटी.

शेवटी उरले एकटे दातांचे डॉक्टर. शाळेपासूनची दोस्ती. एका शनिवारी तेही अर्ध्यातच उठले, 'निघतो रे, पेशंट आहे' म्हणाले आणि जिना उतरले. खाली बायको कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत बसली होती. तिनं कात्री खाली ठेवली.

"भावजी, शनिवारी दुपारी दवाखाना बंद असतो तुमचा."

डॉक्टर दारात थांबले.

"वर जाऊन खरं काय ते सांगा त्यांना," ती म्हणाली. "माझं म्हणणं म्हणजे घरचं मापटं, शिक्का नसलेलं. तुमच्या तोंडून पटेल."

डॉक्टर परत वर आले. कानसेन रेकॉर्ड पुसत होते. डॉक्टरांनी बाकावर बसून, उगाच गुडघे चोळून, मग सांगितलं.

"हे बघ, रागावू नकोस. दोन-तीन वर्षं झाली. तुझ्या खोलीत बसलं की मला माझ्याच दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. म्हणजे खुर्चीत मी, आणि ड्रिल माझ्याच दातात."

कानसेनांना आधी काही कळलंच नाही.

"टोचतं रे," डॉक्टर म्हणाले. "तू गाणं लावतोस आणि ते सुयांसारखं टोचतं. प्रोफेसरांचे गुडघे ठणठणीत आहेत. घरी जाऊन ते तासभर कानात कापूस घालून झोपायचे."

"तुझे कान गेलेत," कानसेन म्हणाले.

"असेल," डॉक्टर म्हणाले, आणि या वेळी ते खरोखरच गेले.

तीन दिवस कानसेन वर गेले नाहीत. खालीच बसून वर्तमानपत्र वाचत राहिले, तेच पान. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बायकोला काहीही न सांगता लेकीच्या दवाखान्यात गेले.

लेक कान तपासायची. आयुष्यभर ज्या घरात 'हळू चाल, वर ऐकणं चाललंय' हे ऐकत वाढली, त्या घरातून ती हेच शिकायला गेली. का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. बापाला तिनं इतरांसारखंच रांगेत बसू दिलं. नंबर आल्यावर आत बोलावलं आणि काचेच्या छोट्या खोलीत बसवलं.

"आवाज आला की हे बटण दाब, बाबा. अगदी बारीक असला तरी."

दार लागलं. आणि कानसेनांना हसूच आलं, कारण इतकी सुंदर शांतता त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. मऊ, खोल, तळ नसलेली. आपल्या खोलीत ही आणता आली असती तर! मग त्या शांततेत आवाज यायला लागले. लांब कुठेतरी भोंगा. मग शीळ. मग त्याहून बारीक शीळ. ते बटण दाबत गेले. शाळेतल्या हुशार मुलासारखं त्यांना बरं वाटत होतं. मग आवाज थांबले. त्यांना वाटलं, संपलं. पण दार उघडेना. ते वाट बघत राहिले, आणि सहज काचेतून पलीकडे बघितलं.

लेक यंत्रावर बोट दाबत होती. थांबत होती. पुन्हा दाबत होती. तिचं बोट दर वेळी खाली जात होतं, आणि इकडे काहीच येत नव्हतं. बर्फ पडताना खिडकीतून बघावा तसं ते बोट बघत राहिले.

बाहेर आल्यावर तिनं कागद पुढे केला. रेघ डावीकडून सरळ आली होती आणि मधूनच डोंगराच्या कड्यासारखी खाली गेली होती.

"हे बघ, इथपर्यंत..."

"कळतंय मला," कानसेन म्हणाले. "काटा वाचता येतो मला." कागदाकडे बघतच त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली असतील?"

"सात-आठ. हळूहळू जातं, म्हणून कळत नाही. वयानं सगळ्यांचंच जातं, बाबा."

"म्हणजे सात-आठ वर्षं मी जे ऐकत होतो..."

लेकीनं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "बरंचसं तू आठवत होतास," ती म्हणाली.

कुणा दुकानदारानं असं काही सांगितलं असतं तर ते वाद घालत बसले असते. पण यंत्राशी त्यांनी कधी वाद घातला नव्हता. त्यांनी मान डोलावली. लेकीनं त्यांच्या कानांचं माप घेतलं आणि आठवड्याभरानं दोन यंत्रं बसवली. कानामागे चिमूटभर, आणि आत जाणारा स्पीकर डाळीच्या दाण्याएवढा.

"एवढ्यात काय वाजणार?" ते म्हणाले. "माझा एकेक स्पीकर उचलायला चार माणसं लागतात."

"बाहेर जाऊन बघ," लेक म्हणाली.

घरापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. त्यांना पाऊण तास लागला. पायाखालची खडी कुरकुरत होती. कुणाच्या तरी हातातली कागदी पिशवी, सायकलची साखळी, किल्ल्यांचा जुडगा, झाडात काहीतरी चिवचिव करणारं. जगाला पुन्हा कडा आल्या होत्या. एका बाईनं छत्री मिटली तर ते दचकून बाजूला झाले. घरी बायको कापड कापत होती, आणि कात्रीचा तो कर्र, कर्र आवाज ऐकत ते दारातच उभे राहिले.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. काप तू."

मग ते वर गेले. चाळीस मिनिटं थांबले. रेकॉर्ड लावली. आणि वीस सेकंदांत सुई उचलली.

"अरे देवा," ते म्हणाले.

टोचत होतं. सुया, ड्रिल, काचेवर नख, सगळं एकदम. या खोलीत त्यांनी माणसांना बोलावून, मानानं खुर्चीत बसवून, तीन वर्षं हे ऐकवलं होतं, आणि माणसं चहा पिऊन 'वा' म्हणून गेली होती. आधी त्यांना लाज वाटली. मग प्रोफेसरांचा कानातला कापूस डोळ्यांसमोर आला आणि ते एकटेच हसायला लागले. हसू थांबल्यावर खाली जाऊन त्यांनी डॉक्टरांना फोन केला.

"तू तीन वर्षं हे सहन केलंस?"

"मित्र म्हणून केलं," डॉक्टर म्हणाले. "दुसरा कुणी असता तर भूल दिली असती."

आता खुंटी परत फिरवायची होती. पण कुठवर? कानात यंत्रं घातली की खोली एक सांगायची, काढली की दुसरं. आपलाच तराजू खोटा निघाल्यावर माणूस काय करतो? दुसऱ्याच्या तराजूवर मोजून बघतो. ते जिन्याच्या तोंडाशी आले.

"अगं, जरा वर येतेस?"

"झाडू आणू का?"

"नको. नुसती ये."

ती आली. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच होती. चौतीस वर्षांत ती या खोलीत झाडायला आली होती, चहा घेऊन आली होती, त्या खुर्चीला फडकं मारलं होतं. बसली कधी नव्हती. कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. खुर्ची कानसेनांच्या मापाची. तिचे पाय जमिनीला टेकेनात. त्यांनी कपाटातली कायद्याची दोन पुस्तकं काढून तिच्या पायांखाली दिली.

सुई खाली आली. मंद, ठाय लयीतलं काहीतरी सुरू झालं, आणि दोन ठोक्यांतच बायको हसली.

"हे होय! हे तर तुम्ही लेक परीक्षेला बसली होती तेव्हा रोज लावायचात. जड माणूस पाय ओढत चालतो तसं. मग मधेच थांबतो, आणि परत निघतो."

कानसेन बघत राहिले. त्या रेकॉर्डमध्ये असा माणूस कुठे होता? मग त्यांच्या ध्यानात आलं. छत. ती खाली मशीनवर बसायची आणि छतातून फक्त खर्ज झिरपायचा. वरचं काहीच नाही. चौतीस वर्षं ती या सगळ्या रेकॉर्डी पायांकडून ओळखत होती.

"कितीतरी ठाऊक आहेत मला," ती म्हणाली. "एक उड्या मारत येतं. एक आहे ते दोघं भांडल्यासारखं. कधी कधी मी त्यावर पाय चालवायची मशीनचा. शिवण सरळ यायची." आणि मग ती बोलायची थांबली, कारण बासरी सुरू झाली होती. तिच्या भुवया वर गेल्या. तिनं मान वर केली, छताकडे, जसं काही ते तिथे दिसणार होतं.

"अगंबाई," ती म्हणाली. "याला वरचा मजला पण आहे होय!"

कानसेन कपाटाला टेकून उभे होते. त्यांना खोलीतलं ऊन एकदम जास्त झाल्यासारखं वाटलं. त्यांचा वरचा मजला गेला होता आणि तिला तो आत्ता मिळत होता, आणि मधे इतकी वर्षं एक जिना होता. तेवीस पायऱ्यांचा.

नंतरचे कितीतरी दिवस दुपारी दोघं वर असायची. ती खुर्चीत, ते स्पीकरच्या मागे खुंटी धरून. शौकिनांच्या भाषेत या कामाला शंभर शब्द होते, पण तिला त्यातला एकही येत नव्हता. ती आपली कापडाचे शब्द वापरायची.

"कडक झालंय. खळ जास्त झाली."

थोडी खुंटी.

"आता भरड आहे. जरा... हं. नाही, हा डावीकडचा उसवलाय."

"उसवलाय म्हणजे?"

"टाका सुटलाय कुठेतरी. फरफरतंय."

त्यांनी यंत्रं नीट बसवून कान लावला. काही नाही. स्पीकर उघडला, तर आतला एक स्क्रू अर्धा आटा ढिला होता. किती वर्षं होता कोण जाणे. प्रोफेसर, कॅप्टन, डॉक्टर, ते स्वतः, कुणालाही तो सापडला नव्हता.

"तू आधी का नाही आलीस वर?" ते म्हणाले.

"खुर्ची एकच होती," ती म्हणाली. तिनं ते साधेपणानं सांगितलं, डब्यातलं मीठ संपलंय असं सांगावं तसं. संध्याकाळी ते खालून स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन आले आणि थोडी बाजूला ठेवली. तिथे आवाज नीट मिळत नव्हता. तिथे ते बसायला लागले.

डॉक्टर पुन्हा शनिवारी यायला लागले. एकदा त्यांनी खिशातून एक डबी काढली. त्यात कानात घालायची दोन बोंडं होती.

"ही कानाचं माप घेतात," डॉक्टर म्हणाले. "तुझं हे जे यंत्र आहे ना, तसंच काहीतरी. आत टुकटुक आवाज करतात, तुझा कान कसा आहे बघतात आणि त्याप्रमाणे गाणं बदलून देतात. मी घरचे स्पीकर काढले, तुला सांगायचं राहिलं. बायकोनं तिथे झाडं लावलीत." ते जरा ओशाळले. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

कानसेनांनी बोंडं हातावर घेऊन तोलली. वजन काहीच नव्हतं.

"म्हणजे आता प्रत्येकाचं गाणं वेगळं?" ते म्हणाले. "मी आयुष्यभर एक खरा आवाज शोधत होतो. सगळ्यांसाठी एक."

"त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. "सगळ्यांना एका मापाचे तयार कपडे कुठे बसतात? म्हणून अंगाचं माप घेऊन शिवतात. माणूस तोच आहे ना आत?"

"पण वहिनी, मापाचे कपडे एकट्यानं घालायचे असतात," डॉक्टर म्हणाले. "ही बोंडं घातली की शेजारच्याला काही ऐकू येत नाही. ऐकून झाल्यावर वाटतं, कुणाला तरी सांगावं. तर घरात झाडं."

ही गोष्ट लेकीच्या कानावर गेली. ती एका रविवारी आली, खुर्चीत बसली, बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. लहानपणी या दाराबाहेर चपला हातात घेऊन ती चालायची. उठताना म्हणाली, "बाबा, माझ्याकडे माणसं येतात. यंत्र लावलं की बोलणं ऐकू येतं, पण गाणं पत्र्यासारखं वाटतं म्हणतात. दवाखान्यात ते जुळवायला जागाच नाही. पंख्याचा आवाज, लिफ्टचा आवाज. त्यांना इथे आणू?"

कानसेनांनी बायकोकडे बघितलं.

"जिन्याला कठडा लावून घ्या आधी," बायको म्हणाली.

पहिल्या आल्या त्या कोपऱ्यावरच्या बेकरीच्या मालकीणबाई. सत्तरीच्या, भरल्या अंगाच्या, हातांना अजून पिठाचा वास. अकरा वर्षं त्यांनी गाणं ऐकलं नव्हतं. पूर्वी म्हणे पहाटे भट्टी पेटवल्यापासून रेडिओ चालू असायचा. मग तो नुसता खडखडायला लागला, म्हणून बंद केला. खुर्चीत त्या दवाखान्यात बसावं तशा ताठ बसल्या. लेक बाईंच्या कानातल्या यंत्रांना जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन खाली गालिच्यावर, कानसेन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, बायको बाकावर.

पहिली रेकॉर्ड. बेकरीवाल्या बाईंनी तोंड वाकडं केलं. "पत्रा," त्या म्हणाल्या.

"कुठे लागतंय, ताई?" बायकोनं विचारलं. "काखेत तंग आहे की गळ्याशी?"

बाई आधी चकित झाल्या, मग त्यांनी हात उचलून नीट विचार केला. "गळ्याशी."

"वरून जरा सैल कर गं," बायको लेकीला म्हणाली, आणि लेकीनं लॅपटॉपवर काहीतरी खाली ओढलं.

असं तासभर चाललं. सैल, तंग, आत घे, सोड. ऊन कपाटाच्या खालच्या फळीवर चढलं. चौथ्या-पाचव्या खेपेला बाईंचे खांदे खाली आले. हात मांडीवर उघडे पडले. गाणारी सूर लावायच्या आधी श्वास घेते त्या जागी बाईंनीही घेतला.

मग कानसेनांनी बासरीची ती ठाय रेकॉर्ड लावली. सुरू झाली आणि त्यांच्या कानात आधी उजवीकडे, मग डावीकडे टिंग असा आवाज झाला. यंत्रांची बॅटरी संपली. सकाळच्या गडबडीत ती चार्ज करायची राहिली होती. पडदा खाली आला. खर्ज तेवढा राहिला, जड माणूस पाय ओढत चालल्यासारखा.

उठून काही करावं तर बाईंची समाधी मोडली असती. ते तसेच बसून राहिले. बायकोनं त्यांचा हात कानाकडे गेलेला बघितला. ती बाकावरून उठली, पाय न वाजवता आली आणि त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. कुजबूज त्यांना ऐकू येत नाही, खालच्या आवाजात बोललं तर येतं, हे लेकीनं तिला शिकवलं होतं.

"आली," ती त्यांच्या कानाशी, खर्जात म्हणाली. "बासरी आली. एकटीच आहे. खालचा तो चालतोय आणि ही त्याच्या डोक्यावरून."

कानसेनांनी डोळे मिटले.

"आता वळली. रेशमी धागा ओवतात ना, तसं काहीतरी करतेय."

"काय म्हणताय?" बेकरीवाल्या बाईंनी मान न वळवता विचारलं.

बायको कानकोंडी झाली. "काही नाही हो. यांना जरा सांगत होते, वर काय चाललंय ते."

"मग मोठ्यानं सांगा की," बाई म्हणाल्या. "मलाही सगळं ऐकू येत नाहीये."

लेक लॅपटॉपवरून हात काढून बसली होती. बायकोनं फीत गळ्यात सारखी केली, तिघांकडे बघितलं, आणि मग कुणाकडेच बघितलं नाही. ती कपाटांच्याही वर, भिंत जिथे छताला मिळते तिथे बघत होती.

"खालचा थांबला," ती सांगायला लागली. "आता बासरीच आहे. चढतेय. सावकाश चढतेय, घाई नाही तिला. अजून वर गेली. बारीक झाली अगदी. अजून आहे... आहे..." तिची मान आणखी वर गेली.

"गेली?" कानसेनांनी विचारलं.

"कोण जाणे," ती म्हणाली. "आता मलाही दिसत नाही."